नवव्या दशांशस्थळावरील वाद

पुस्तकांचें परीक्षण करणाऱ्या मासिकानें प्रयोगशाळेंतून आलेल्या एका आंकड्याचें परीक्षण कां करावें, असा प्रश्न कोणी विचारील तर त्याचें उत्तर सोपें आहे. आंकडा हाहि एक पाठच असतो. तो कोणीतरी लिहिलेला असतो. तो ज्याच्याशीं ताडून पाहावयाचा तो दुसरा पाठहि कोणीतरी लिहिलेला असतो. आणि दोहोंचा अर्थ लावणारे भाष्यकार तर असतातच. मूळ ग्रंथापेक्षां भाष्यानेंच वाचकांचा अधिक घोटाळा केला, असें वाङ्मयाच्या क्षेत्रांत पुष्कळदां घडतें. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांतल्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेनें ३ जून २०२५ रोजीं म्यूऑन नांवाच्या मूलकणाच्या चुंबकत्वाचें अखेरचें मापन जाहीर केलें. त्याच्या बाबतींत नेमकें हेंच झालें आहे. २०२१ सालीं याच प्रयोगाचा पहिला निकाल आला तेव्हां पदार्थविज्ञानाचा पाया हादरला अशा थाटाची भाषा ठिकठिकाणीं ऐकूं आली. २०२५ सालीं तोच आंकडा अधिक भक्कम होऊन आला, तेव्हां कांहींच निष्पन्न झालें नाहीं असें म्हणून लोक पाठ फिरवून मोकळे झाले. माझ्या मतें हे दोन्ही अभिप्राय सारखेच चुकीचे आहेत, आणि दोहोंची चूक एकाच ठिकाणीं आहे. तें ठिकाण दाखवून देणें हा या लेखाचा हेतु.

प्रथम मूळ विषय. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ म्हणावा असा कण आहे. विद्युद्भार तेवढाच, गुणधर्म बहुतेक तेच. वजन मात्र सुमारें २०७ पट. १९३६ सालीं कार्ल अँडरसन व सेथ नेडरमायर यांस तो विश्वकिरणांत आढळला. त्याचें सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या दुपटीहून किंचित् अधिक. तेवढ्यांत तो मोडतो. हा कण स्वतःभोंवतीं फिरणाऱ्या भोंवऱ्यासारखा वागतो, आणि विद्युद्भारामुळें एक इवलासा लोहचुंबकहि असतो. या चुंबकाचें बळ सांगणाऱ्या संख्येस पदार्थवेत्ते ‘जी’ म्हणतात. डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणाप्रमाणें ती बरोबर २ यावयास पाहिजे. परंतु १९४७ सालीं कुश व फोली यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, इलेक्ट्रॉनच्या बाबतींत ती दोनाहून सुमारें एक सहस्रांशानें अधिक भरते. आणि लगोलग श्विंगर यांनीं त्याचें कारण गणितानें सांगितलें. कारण असें कीं, ज्याला आपण पोकळी म्हणतों ती खरोखर पोकळ नसते. तींत क्षणांत उपजणाऱ्या आणि क्षणांत विरणाऱ्या कणांची सारखी ये-जा चाललेली असते, आणि त्या गर्दीचा धक्का ह्या इवल्या चुंबकास लागतो. दोनाहून जें अधिक भरतें त्याचें निम्में घेऊन शास्त्रज्ञ हिशेब करतात. म्यूऑनसाठीं ती संख्या ०.००११६५९२ च्या आसपास आहे. सगळा वाद आहे तो ह्या संख्येच्या नवव्या दशांशस्थळाचा.

एवढ्याशा आंकड्यासाठीं एवढा खटाटोप कां, हें समजण्यास घरचाच दाखला पुरेसा आहे. धान्याच्या कोठींत उंदीर कोणास दिसत नाहीं; परंतु महिन्याच्या मापांत रोज मूठभर तूट येऊं लागली कीं, जाणती गृहिणी उंदीर न पाहतांच त्याचें अस्तित्व ताडते. त्याचप्रमाणें जे कण अद्याप कोणत्याहि यंत्रांत दिसलेले नाहींत तेहि पोकळींतल्या त्या गर्दींत असतील, तर म्यूऑनच्या चुंबकत्वांत आपली मूठभर भर टाकल्यावांचून राहणार नाहींत. म्यूऑन इलेक्ट्रॉनपेक्षां जड असल्यामुळें जड अज्ञात कणांचा त्याच्यावर होणारा परिणाम इलेक्ट्रॉनवरील परिणामाच्या सुमारें ४३,००० पट असतो. म्हणून हा अल्पायुषी कण मुद्दाम पत्करावयाचा. परंतु गृहिणीच्या तर्कास एक अट आहे. घरांतलें प्रत्येक माणूस किती खातें, याचा चोख हिशेब तिच्यापाशीं असला पाहिजे. तो नसेल तर तूट उंदरामुळें कीं हिशेबाच्या चुकीमुळें, हें तिला सांगतां येणार नाहीं. ही अट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व कथा तिच्यावरच उभी आहे.

ज्ञात गणिताशीं न जुळणाऱ्या बारीक तफावतींतून मोठे शोध लागल्याचीं उदाहरणें इतिहासांत आहेत. युरेनस ग्रहाची गति गणिताबरहुकूम नाहीं, यावरून लव्हेरिए यांनीं अज्ञात ग्रहाची जागा वर्तविली आणि १८४६ सालीं बर्लिनच्या वेधशाळेंत नेपच्यून सांपडला. हवेंतून काढलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून काढलेल्या नायट्रोजनहून सुमारें अर्धा टक्का जड कां भरतो, या प्रश्नाचा पिच्छा लॉर्ड रॅले यांनीं सोडला नाहीं, म्हणून त्यांस व रॅम्से यांस १८९४ सालीं आर्गॉन हा नवा वायु गवसला. परंतु इतिहास एवढ्यावरच थांबत नाहीं. त्याच लव्हेरिए यांनीं १८५९ सालीं बुध ग्रहाच्या गतींत तशीच तफावत दाखवून, सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा असा तर्क केला. त्या ग्रहाचें ‘व्हल्कन’ असें बारसेंहि झालें. पुष्कळांनीं दुर्बिणी लावल्या. व्हल्कन सांपडला नाहीं, कारण तो नव्हताच. तफावत खरी होती, पण तिचें कारण नवा ग्रह नसून गुरुत्वाकर्षणाची जुनी उपपत्तिच अपुरी होती, हें १९१५ सालीं आइन्स्टाइन यांनीं दाखविलें. एकच मनुष्य, एकच पद्धति, आणि दोन निराळे निकाल. तेव्हां तफावत म्हणजे शोध नव्हे. तफावत हा प्रश्न आहे. तिचें उत्तर नवी वस्तु, जुन्या नियमाची अपूर्णता किंवा नुसती हिशेबांतली चूक, यांपैकीं कांहींहि असूं शकतें.

आतां प्रयोगाच्या गुणांकडे वळूं. १४ मीटर व्यासाच्या एका चुंबकीय कड्यांत म्यूऑन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें फिरत ठेवतात. कड्यांतील चुंबकीय क्षेत्रामुळें प्रत्येक म्यूऑनचा अक्ष भोंवऱ्याच्या अक्षासारखा डुलतो. म्यूऑन मोडतांना त्यांतून निघणारा पॉझिट्रॉन कोणत्या क्षणीं व किती जोरानें बाहेर पडला, यावरून तो अक्ष त्या क्षणीं कोणीकडे होता हें कळतें. कड्याच्या आंतल्या बाजूस बसविलेलीं २४ उपकरणें हे पॉझिट्रॉन टिपतात. एकीकडे डुलण्याचा वेग मोजावयाचा, दुसरीकडे चुंबकीय क्षेत्र मोजावयाचें, आणि दोहोंचें गुणोत्तर काढावयाचें. क्षेत्र मोजण्यासाठीं ३७८ शोधक कायमचे बसविले होते. शिवाय १७ शोधकांची एक लहानशी गाडी दर कांहीं दिवसांनीं कड्याच्या पोकळींतून सबंध फेरी मारून येत असे. अशा वेगानें जाणाऱ्या म्यूऑनचें आयुष्य आपल्या घड्याळाप्रमाणें सुमारें २९ पट लांबतें. त्यामुळेंच तो मोडण्यापूर्वीं कड्याच्या शेंकडों फेऱ्या पुऱ्या करूं शकतो. हा कण म्हणजे एक घड्याळच असून वेगानें जातांना त्याचें आयुष्य वाढलेलें दिसलें पाहिजे, हें १९३८ सालीं मुंबईच्या डॉ. होमी भाभा यांनीं दाखवून दिलें होतें, हें मराठी वाचकांस ठाऊक असावें.

हें कडें फर्मिलॅबचें मूळचें नव्हे. न्यूयॉर्कजवळील ब्रूकहेवन येथें त्याच कड्यावर १९९७ पासून २००१ पर्यंत हेंच मापन झालें होतें, आणि तेथेंच प्रथम मापन व गणित यांत तफावत दिसली होती. त्याहि आधीं जिनिव्हाच्या सर्न संस्थेनें याच प्रश्नावर एकामागून एक तीन प्रयोग केले होते. ब्रूकहेवनच्या कड्याचीं वेटोळीं २०१३ च्या उन्हाळ्यांत, न उलगडतां, समुद्रांतून, नदींतून आणि शेवटीं रस्त्यानें सुमारें ५,००० किलोमीटरांचा प्रवास करून इलिनॉयला आणलीं. २०१८ ते २०२३ पर्यंत मापन चाललें. अखेरच्या निकालांतील अनिश्चिति कोटींत सव्वा भाग एवढी आहे. म्हणजे हजार किलोमीटरांचें अंतर मोजावें आणि चूक सुमारें तेरा सेंटिमीटरांची असावी! प्रयोगाच्या आरंभीं जें उद्दिष्ट ठरविलें होतें त्याहूनहि हें काम सरस उतरलें आहे. ग्रंथकारानें प्रस्तावनेंत दिलेलें वचन ग्रंथांत पाळलें, एवढेंच नव्हे तर त्यापुढें मजल मारली, असें म्हणण्याचा योग परीक्षकास फार क्वचित् येतो.

परंतु माझ्या दृष्टीनें या प्रयोगाचा सर्वांत मोठा गुण यंत्रांत नाहीं; तो प्रयोगकर्त्यांनीं स्वतःवर घालून घेतलेल्या एका बंधनांत आहे. ज्या घड्याळानें डुलण्याचा वेग मोजावयाचा त्याचा खरा ठोका त्यांनीं स्वतःपासूनच लपवून ठेवला. प्रयोगाबाहेरच्या दोन जबाबदार व्यक्तींनीं तो किंचित् बदलून त्याचा आंकडा आपल्यापाशीं गुप्त ठेवला होता. सर्व पृथक्करण पुरें होऊन, सर्व शंका फिटून, आतां यापुढें कशांतहि बदल करावयाचा नाहीं असें ठरल्यावरच तो गुप्त आंकडा उघड करावयाचा आणि उत्तर वाचावयाचें. हें कां? मनुष्याची इच्छा त्याच्या हिशेबांत कोणत्या वाटेनें शिरेल याचा नेम नसतो म्हणून. अपेक्षित उत्तर आलें कीं तो चुका शोधणें थांबवितो. अनपेक्षित आलें कीं शोधीत राहतो. त्यामुळें प्रामाणिक मनुष्याचेंहि उत्तर नकळत अपेक्षेकडे झुकतें. या दोषावर उपदेश निरुपयोगी आहे, व्यवस्थाच लागते. उत्तर कोणते आवडेल हें ठाऊक असलेल्या विद्वानांनीं तें उत्तर वर्षानुवर्षें झांकून ठेवून काम करावें, ही गोष्ट आमच्या इतिहाससंशोधकांनीं व टीकाकारांनींहि मनावर घेण्यासारखी आहे. नायकाचा मोठेपणा आधीं ठरवून मग कागदपत्रें पाहणारे चरित्रकार आपल्याकडे कमी नाहींत.

येथवर स्तुति झाली. आतां दुसऱ्या पाठाकडे, म्हणजे ज्याच्याशीं हें मापन ताडून पाहावयाचें त्या गणिताकडे पाहूं. मूलकणांविषयींच्या प्रस्थापित उपपत्तीस ‘स्टँडर्ड मॉडेल’ म्हणतात. तिच्यावरून म्यूऑनच्या चुंबकत्वाचा आंकडा काढावयाचा तर पोकळींतील सर्व ज्ञात कणांचा वांटा मोजावा लागतो. विद्युत्-चुंबकीय वांटा सर्वांत मोठा. किनोशिता व त्यांचे सहकारी यांनीं तो १२,६७२ आकृतींच्या पांचव्या पायरीपर्यंत नेऊन २०१२ सालीं प्रसिद्ध केला. तो भाग गणिताचा एक चमत्कार आहे, आणि त्याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो क्वार्कांच्या वांट्याविषयीं. हा वांटा एकूण संख्येच्या लाखांत जेमतेम सहा भाग. पण क्वार्कांना एकत्र बांधणारें बळ इतकें प्रचंड कीं नेहमींचें गणित तेथें चालत नाहीं. म्हणून दोन आडमार्ग आहेत. पहिल्या मार्गांत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवून त्यांतून क्वार्कांचे कण किती निघतात हें प्रयोगानें मोजतात, आणि त्यावरून हवा तो वांटा काढतात. दुसऱ्या मार्गांत अवकाश व काल यांची बारीक चौकटींची जाळी कल्पून महासंगणकावर मूळ समीकरणेंच सोडवितात.

पहिल्या मार्गाचें स्वरूप वाचकानें नीट पाहावें. त्यांत ‘गणित’ म्हणून जें पुढें येतें त्याचा सर्वांत नाजूक भाग उसना आहे, आणि तो दुसऱ्या प्रयोगशाळांच्या मापनांतून उसना घेतलेला आहे. किती टकरी झाल्या याचा हिशेब ठेवण्यासाठीं तेथें जें ‘भाभा-प्रकीर्णन’ वापरतात, त्याचें मूळ गणित डॉ. भाभा यांनीं १९३६ सालीं प्रसिद्ध केलें होतें. असा हा आपल्या माणसाचा हात येथेंहि दुसऱ्यांदा लागलेला आहे. मुद्दा असा कीं, हा सामना प्रयोग विरुद्ध उपपत्ति असा सरळ नव्हताच. एका बाजूस एक प्रयोग. दुसऱ्या बाजूस गणित अधिक कित्येक जुने प्रयोग. ते जुने प्रयोग आपसांत जुळत असते तरी चिंता नव्हती. परंतु इटलींतील फ्रास्काटी येथील ‘क्लोए’ आणि कॅलिफोर्नियांतील ‘बाबार’ या दोन प्रसिद्ध प्रयोगांचीं उत्तरें, दोघांनीं आपापल्या चुकीची जी मर्यादा सांगितली होती तिच्याहूनहि अधिक अंतरानें, परस्परांपासून दूर होतीं.

२०२० सालीं शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनीं मिळून सिद्धान्तपक्षाचा जो सर्वमान्य निबंध प्रसिद्ध केला, त्यांत ह्या विसंवादी मापनांचा मध्य काढून अनिश्चिति थोडी वाढविली आणि ०.००११६५९१८१० हा आंकडा सांगितला. येथें माझा पहिला आक्षेप आहे. जुन्या पोथ्यांचा संपादक दोन प्रतींत दोन निराळे शब्द आढळले तर त्यांची सरासरी काढीत नाहीं. दोन्ही प्रती कोठून आल्या, कोणत्या लेखकानें कोठें चूक केली असावी, याचा तो छडा लावतो. छडा लागत नसेल तर दोन्ही पाठ छापून जागा संदिग्ध म्हणून सोडतो. दोन यदृच्छ चुकांची सरासरी सत्याजवळ जाते हें खरें; पण दोहोंपैकीं एकांत कायमची, एकाच दिशेची चूक असेल तर त्यांची सरासरी म्हणजे खरें आणि खोटें यांची भेसळ होय. निबंधकर्त्यांनीं हा विसंवाद लपविला नव्हता, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. ज्यास वाचावयाचें होतें त्यास तो तेथें वाचतां येत होता. दोष आहे तो त्यानंतर झालेल्या गाजावाजाचा. ७ एप्रिल २०२१ रोजीं फर्मिलॅबचा पहिला निकाल आला. ब्रूकहेवनशीं मिळून तो ०.००११६५९२०६१ होता. दोहोंतील अंतर ४.२ प्रमाण विचलनांचें. म्हणजे केवळ योगायोगानें असें घडण्याचा संभव सुमारें चाळीस हजारांत एक. हा शेवटचा आंकडा जगभर फिरला. पण तो एका ‘जर’वर टांगलेला होता: जर दोन्ही बाजूंनीं सांगितलेली अनिश्चिति संपूर्ण असेल तर. वाक्यांतला ‘जर’ गळाला आणि चाळीस हजार तेवढे उरले.

विशेष हें कीं, त्याच दिवशीं बुडापेस्ट, मार्सेय व वुपर्टाल या शहरांच्या आद्याक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या गटाचा निबंध ‘नेचर’मध्यें छापून आला. त्यांनीं दुसऱ्या, म्हणजे जाळीच्या मार्गानें क्वार्कांचा वांटा काढला होता, आणि तो पहिल्या मार्गाच्या उत्तराहून मोठा होता. तो खरा धरल्यास मापन व गणित यांतील तफावत बहुतेक मिटत होती. एकाच दिवशीं प्रश्न आणि त्याचें एक संभाव्य उत्तर अशीं दोन्ही प्रसिद्ध झालीं. वाजला तो प्रश्न, उत्तर कोपऱ्यांत राहिलें. पुढें २०२३ सालीं सैबेरियांतील नोव्होसिबिर्स्क येथील ‘सीएमडी-३’ या प्रयोगानें टकरींचें नवें मापन जाहीर केलें. तेंहि जुन्या सर्व मापनांहून वरच्या बाजूस गेलें, त्याच संस्थेच्या आधींच्या प्रयोगाहूनहि गेलें. त्याच वर्षीं फर्मिलॅबचा दुसरा निकाल आला. २०२० च्या आंकड्याशीं तो ताडला असतां शोधाची रूढ कसोटी जी पांच प्रमाण विचलनांची, ती गांठली जात होती. परंतु तोंवर तो जुना आंकडाच संशयित झाला होता, आणि प्रयोगकर्त्यांनीं शोधाची घोषणा केली नाहीं. हा त्यांचा संयम दाद देण्यासारखा आहे. जिंकलेल्या पैजेवर, तराजू खोटा असेल म्हणून, हक्क न सांगणारे लोक थोडे.

२०२५ सालीं सिद्धान्तपक्षानें नवा निबंध लिहिला. त्यांत क्वार्कांचा तो वांटा सर्वस्वी जाळीच्या गणितावरून घेतला आणि टकरींचीं मापनें, त्यांचा आपसांतला विसंवाद उलगडेपर्यंत, बाजूस ठेविलीं. नवा आंकडा ०.००११६५९२०३३. फर्मिलॅबच्या अखेरच्या निकालानंतर सर्व प्रयोगांची मिळून झालेली सरासरी ०.००११६५९२०७१५. अंतर अनिश्चितीच्या आंत, तफावत नाहीं. हे आंकडे शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. २०२१ पासून २०२५ पर्यंत प्रयोगाचा आंकडा जवळजवळ हललाच नाहीं. हलली ती उपपत्ति. ज्या भिंतीला टेकून आपण वस्तूची उंची मोजीत होतों ती भिंतच सरकली, आणि आपण वस्तु बुटकी झाली म्हणून ओरडलों.

येथें माझा दुसरा आक्षेप आहे, आणि तो पहिल्याच्या उलट दिशेचा आहे. आतां पुष्कळ जण म्हणतात कीं, स्टँडर्ड मॉडेल निर्दोष सुटलें, नवें कांहीं नाहीं, विषय संपला. हें म्हणणें पहिल्या गाजावाजाइतकेंच उतावळेपणाचें आहे. नव्या निबंधांतील आंकड्याची अनिश्चिति जुन्यापेक्षां कमी झालेली नाहीं. ती वाढली आहे. ती कोटींत सव्वापांच भाग आहे, म्हणजे प्रयोगाच्या चौपट. एका बाजूस सोनाराचा कांटा आणि दुसऱ्या बाजूस वखारींतला कांटा, अशा जोडीनें केलेली ही तुलना आहे. अशा तुलनेंत दोन्ही वजनें जुळलीं तर गुंजभर सोनें कमी नाहीं हें सिद्ध होत नाहीं. शिवाय जुन्या मापनांत चूक कोठें झाली हें अद्याप कोणीं दाखविलेलें नाहीं. क्लोए, बाबार व सीएमडी-३ हीं तिन्ही एकाच वेळीं बरोबर असूं शकत नाहींत. यांतला कोण चुकला हें न ठरवितां सर्वांनाच दाराबाहेर उभें करणें हा तात्पुरता उपाय ठीक आहे. पण तो न्याय नव्हे. संशयाचा फायदा मिळून सुटलेला आरोपी आणि निर्दोष ठरलेला आरोपी यांत कायदा भेद करीत नसला तरी विचारी मनुष्य करतो.

हाच धडा दुसऱ्या एका प्रकरणानें वेगळ्या तऱ्हेनें शिकविला आहे. डब्ल्यू नांवाच्या कणाचें वजन उपपत्तीप्रमाणें ८०,३५७ च्या आसपास असावयास पाहिजे (एकक : दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट). एप्रिल २०२२ मध्यें फर्मिलॅबच्याच जुन्या ‘सीडीएफ’ प्रयोगानें तें ८०,४३३.५ असून चूक अवघी ९.४ ची आहे, असें जाहीर केलें. पुन्हां तेंच कोलाहलाचें वातावरण झालें. सप्टेंबर २०२४ मध्यें सर्नच्या ‘सीएमएस’ प्रयोगाचें उत्तर आलें : ८०,३६०.२, चूक ९.९. दोहोंचा सूक्ष्मपणा सारखाच, आणि दोन्हीं उत्तरें एकमेकांशीं बिलकूल जुळत नाहींत. म्यूऑनच्या प्रकरणांत घोटाळा उसन्या मापनांत होता. येथें तो दोन प्रत्यक्ष मापनांत आहे. सूक्ष्मपणा म्हणजे अचूकपणा नव्हे, हें दोन्ही ठिकाणीं दिसून येतें. घड्याळाला सेकंदाचा कांटा आहे एवढ्यावरून तें बरोबर वेळ दाखवितें असें ठरत नाहीं.

मग ह्या सर्व श्रमांचें फळ काय? नवा कण सांपडला नाहीं म्हणून ते वायां गेले, असें मानणाऱ्यांस मी एवढेंच विचारीन कीं, क्वार्कांच्या वांट्याचा हिशेब कच्चा आहे, हें ह्या प्रयोगाच्या दडपणावांचून कोणीं इतक्या निकडीनें तपासलें असतें काय? गृहिणीनें तुटीचा पिच्छा पुरविला म्हणूनच मापट्याचा तळ पोचलेला आहे कीं काय, हें पाहणें भाग पडलें. जाळीचें गणित प्रयोगाच्या बरोबरीस येण्याच्या वाटेवर लागलें. जुन्या मापनांची फेरतपासणी सुरू झाली. म्यूऑनच्या व इलेक्ट्रॉनच्या टकरींतून तोच कठीण वांटा तिसऱ्याच मार्गानें मोजावा असा उद्योग सर्न येथें हातीं घेतला गेला. प्रयोगपक्षाकडेहि एक उणीव आहे, ती सांगितलीच पाहिजे : ब्रूकहेवन व फर्मिलॅब यांचीं उत्तरें जुळतात हें खरें, पण कडें एकच आणि पद्धतिहि मूलतः एकच. दोन साक्षीदार एकाच खिडकींतून पाहत असतील तर त्यांची एकवाक्यता अर्ध्या किंमतीची असते. जपानांत जे-पार्क येथें अगदीं निराळ्या धर्तीचा, लहान कड्याचा प्रयोग उभा राहत आहे. त्याचें महत्त्व म्हणूनच मोठें आहे.

एकंदरींत, फर्मिलॅबचें मापन ही प्रथम प्रतीची कृति आहे, आणि तिची योग्यता नव्या कणाच्या शोधावर अवलंबून नाहीं. उपपत्तीचें गणित उद्यां कितीहि सुधारलें, तरी त्यास ह्या आंकड्यापाशीं येऊन आपली परीक्षा द्यावी लागेल. ज्या दिवशीं तें प्रयोगाइतकें सूक्ष्म होईल त्या दिवशीं नवव्या दशांशस्थळाच्या पुढें एखादी तूट दिसेल, किंवा दिसणार नाहीं. दोहोंपैकीं कोणतेंहि उत्तर आलें तरी तें ऐकण्याची तयारी ज्यांनीं घड्याळाचा ठोका स्वतःपासून लपवून केली, त्यांच्याकडून आपण वाचकांनीं एवढें तरी शिकावें कीं, शोध लागल्याची वार्ता वाचतांना पहिला प्रश्न कोणता आंकडा आला हा नसून तो कशाशीं ताडला हा असावा. वर्तमानपत्रें हा प्रश्न आपल्यासाठीं विचारीत नाहींत. तो घरोघरच्या वाचकानेंच विचारावयाचा आहे.